आईच्या रक्तगटाचा रकाना

दर जून महिन्यात वर्गशिक्षकाच्या वाट्याला एक काम येते, ओळखपत्रांचे फॉर्म भरून घेण्याचे. नाव, पत्ता, पालकांचा फोन आणि रक्तगट. आमच्या शाळेत मुलाच्या रक्तगटाबरोबर आईवडिलांचाही रक्तगट विचारतात. अपघात झाला तर धावपळ नको, एवढाच त्यामागचा हेतू. दोन वर्षांपूर्वी नववीचे फॉर्म आम्ही शिक्षकखोलीत लावून ठेवत होतो. शेजारी विज्ञानाचे सर चहा पीत बसले होते. त्यांची नजर एका फॉर्मवर गेली. वडील ए पॉझिटिव्ह, आई ओ पॉझिटिव्ह, मुलगी एबी पॉझिटिव्ह.

"हा फॉर्म चुकलाय," सर म्हणाले. "आई ओ असेल तर मूल एबी होऊच शकत नाही."

आम्ही मराठी आणि उर्दू शिकवतो. रक्तगटातले आम्हांला काय कळणार? सरांनी सांगितले ते खरे मानले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात, चाळीस मुलांसमोर, त्या मुलीला सांगितले, "बेटा, तुझा नाहीतर तुझ्या अम्मीचा रक्तगट चुकीचा लिहिलाय. ओच्या पोटी एबी येत नाही म्हणे. पुन्हा तपासून आण." सरांच्या मनात वाईट नव्हते, आमच्याही नव्हते. पण चूक आमचीच होती. हे लिहिण्यापूर्वी आम्ही त्या मुलीच्या आईची परवानगी घेतली. "नाव नका घालू, बाकी सगळं लिहा," असे त्या म्हणाल्या.

मुलीने तालुक्याच्या लॅबमध्ये तपासून घेतले. पुन्हा एबी. आईने तपासून घेतले. पुन्हा ओ. घरात बारावी सायन्सला असलेला एक पुतण्या होता. त्याने जेवताना सगळ्यांदेखत याचा अर्थ सांगितला. मुलगा हुशार, पण कोणती गोष्ट कुठे बोलावी हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. आम्ही तरी कुठे शिकलो होतो? मुलीचे वडील कुवेतला. त्यांच्या कानावर गोष्ट गेली, आणि त्यांनी चार दिवस घरी फोन केला नाही.

पंधरा दिवसांनी मधल्या सुट्टीत त्या बाई शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत या म्हटले तरी येईनात.

"मॅडम, लग्नाला सतरा वर्षं झाली माझ्या. आजवर सासूने कधी आवाज चढवला नाही. आता ती माझ्याकडे बघतच नाही. मी काय करू ते तुम्हीच सांगा. सुरुवात तुमच्या वर्गातून झाली."

आमच्या तोंडून शब्द फुटला नाही. सर मात्र उठले. त्या संध्याकाळी त्यांनी घरी जाऊन बीएस्सीच्या जुन्या वह्या काढल्या. सकाळी शाळा भरायच्या आधी ते आमच्याकडे आले. "एक अपवाद आहे," ते म्हणाले. "आणि त्याला नाव आपल्या मुंबईचं आहे."

तो अपवाद काय आहे, ते आम्हांला समजले तसे सांगतो. वाचकांत कोणी डॉक्टर असतील तर त्यांनी आमची भाषा सांभाळून घ्यावी.

रक्तातल्या तांबड्या पेशींच्या अंगावर साखरेच्या कणांची बारीक रचना असते. एक खुंटी आहे असे समजा. त्या खुंटीला शास्त्रज्ञ 'एच' म्हणतात. खुंटीवर ए प्रकारची टोपी अडकवली की रक्तगट ए, बी प्रकारची अडकवली की बी, दोन्ही प्रकारच्या टोप्या असल्या की एबी. खुंट्या आहेत पण सगळ्या रिकाम्या, तो ओ. शाळेत शिकवतात ते एवढेच, आणि जवळजवळ सगळ्यांना ते लागू पडते.

पण काही माणसांच्या पेशींवर खुंटीच नसते. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून खुंटी तयार न करणारा वारसा आला, तर असे होते. अशा माणसाच्या अंगात ए किंवा बीची टोपी बनवण्याचा गुण असला तरी ती अडकवायची कुठे? मग लॅबमधल्या साध्या तपासणीत, जिथे काचपट्टीवर फक्त ए आणि बीची औषधे टाकून बघतात, तिथे हे रक्त ओसारखेच दिसते. गुण मात्र आत दडलेला असतो आणि तो पोटच्या मुलाकडे जातो. बापाकडून मुलाला खुंटी मिळाली की आईकडून आलेली बीची टोपी तिच्यावर व्यवस्थित बसते. कागदावर 'ओ' असलेल्या आईच्या पोटी एबी मूल येते. ते त्याच आईबापाचे असते.

दुसरी गोष्ट अधिक धोक्याची. ज्याच्या अंगात खुंटीच नाही, त्याचे शरीर खुंटीला परकी मानते. त्याच्या रक्तद्रवात 'एच'विरुद्धची प्रतिद्रव्ये आपोआप तयार झालेली असतात. म्हणजे त्याला ए, बी, एबी तर चालत नाहीच, पण ओ गटाचे रक्तही चालत नाही, कारण ओच्या पेशींवर तर नुसत्या उघड्या खुंट्याच खुंट्या. ओ म्हणजे सगळ्यांना चालणारा, असे आपण लहानपणापासून ऐकतो. या माणसांना तोच जीवघेणा ठरू शकतो. त्यांना त्यांच्याच गटाचे रक्त लागते.

या गटाची पहिली नोंद झाली ती परळला. तिथले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, ज्याला सगळे केईएम म्हणतात, आणि त्याला जोडलेले शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले. ज्यांच्या देणगीतून ते कॉलेज उभे राहिले त्यांनी एक अट घातली होती की तिथले अध्यापक लायक हिंदी डॉक्टरच असावेत. इंग्रजी अमलात, वैद्यकीय नोकऱ्यांतल्या वरच्या जागा गोऱ्यांकडे असताना घातलेली ही अट आम्हांला फार मोलाची वाटते. त्या अटीमुळेच पुढे तिथे जे सापडले ते आपल्या माणसांच्या हाताखाली सापडले.

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांच्यासमोर तीन माणसांचे रक्त आले. तपासणीत ओ दिसणारे, पण ओशी न जुळणारे. ओच्या पेशी त्यांच्या रक्तद्रवात टाकल्या की गुठळ्या होत. त्यापूर्वी पन्नास वर्षे, म्हणजे व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट जाहीर केल्यापासून, असे कोणी नोंदवलेले नव्हते. घाईगर्दीच्या इस्पितळात 'नमुना खराब झाला असेल' म्हणून नळी फेकून देणे किती सोपे होते. त्यांनी ती फेकली नाही. लंडनमधल्या रेस आणि सँगर या रक्तगटांच्या मोठ्या अभ्यासकांशी, तसेच रक्तगटांतल्या साखरेच्या रचनेवर काम करणाऱ्या मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्याशी मिळून त्यांनी शोध पक्का केला, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात तो छापून आला. शहराच्या नावावरून त्याला 'बॉम्बे' हे नाव पडले. शहराचे नाव पुढे बदलले, पण रक्तगटाचे तेच राहिले.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जायचे म्हटले की आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते, "तिथे पोरं शिकतात, गरिबावर प्रयोग करतात." त्यात काहीच तथ्य नाही असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आपल्या देशात औषधांच्या चाचण्यांत माणसांना धड न सांगता सामील करून घेतल्याच्या तक्रारी झाल्या आहेत, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला त्यावरून सुनावलेही आहे. पण बॉम्बे रक्तगट सापडला तो अशाच इस्पितळात, आणि तो तिथेच सापडू शकत होता. रोज शेकडो रोगी, त्यांतले बहुतेक कामगार आणि गरीब, शेजारी प्रयोगशाळा, आणि 'असे का झाले' हे विचारणे ज्यांच्या नोकरीचाच भाग आहे असे शिक्षक. खासगी दवाखान्याला त्या प्रश्नासाठी वेळ नसतो.

आता आमच्या बाईंची गोष्ट. सरांनी ओळखीच्या एका डॉक्टरांची चिठ्ठी घेतली. जिल्ह्याच्या रक्तपेढीत बाईंचे रक्त नीट, दोन्ही बाजूंनी तपासले गेले, म्हणजे पेशीही आणि रक्तद्रवही. रक्तद्रवात ओच्या पेशी टाकताच गुठळ्या झाल्या. तेव्हा तिथल्या बाईंनी नमुना पुढे मुंबईला पाठवला. तिथे अँटी-एच नावाच्या द्रवाने तपासतात. हा द्रव युरोपातल्या एका पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाच्या बियांतून काढतात. खुंटी असेल तर पेशी त्याने एकमेकींना चिकटतात. बाईंच्या पेशी चिकटल्या नाहीत. अहवाल आला, बॉम्बे फेनोटाइप.

तो कागद घेऊन आम्ही आणि सर दोघे त्यांच्या घरी गेलो. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. सरांनी वहीच्या पानावर खुंट्या आणि टोप्या काढून दाखवल्या. मघाशी सांगितलेली उपमा त्यांचीच. खाला पुष्कळ वेळ त्या चित्राकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पोरीचं रक्त आपलंच." सर म्हणाले, "हो खाला, शंभर टक्के." त्या उठल्या आणि आत गेल्या. आत काय बोलणे झाले ते आम्हांला माहीत नाही. चहा आला तो सुनेने नव्हे, खालांनी आणला. कुवेतला अहवालाचा फोटो पुतण्यानेच पाठवला.

इथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. या बाईंची दोन बाळंतपणे झाली होती. दोन्ही वेळा फाइलवर 'ओ पॉझिटिव्ह' लिहिले होते, आणि दोन्ही वेळा सुदैवाने रक्त चढवावे लागले नाही. रक्तपेढीत बाटली देण्यापूर्वी रुग्णाचे आणि दात्याचे रक्त जुळवून पाहतात, त्या पायरीला असा घोटाळा पकडला जातो. म्हणून रात्री-अपरात्री नातेवाइकांनी "जुळवणी राहू दे, आधी बाटली द्या" असा हट्ट धरू नये. तो अर्धा-पाऊण तास फुकट जात नसतो.

मुंबईत साधारण ७,६०० माणसांत एक या गटाचा असतो असे सांगतात. देशभराचा अंदाज दहा हजारांत एक. युरोपात दहा लाखांत एखादा. आपल्याकडे हा फरक का, याचे एक कारण घरातल्या घरात होणारी लग्ने. खुंटी न बनवणारा वारसा दोन्हीकडून यावा लागतो, आणि नवरा-बायको एकाच आजोबांची नातवंडे असली तर दोघांकडे तोच वारसा असण्याची शक्यता वाढते. आमच्या बाईंचे आईवडील खालाजाद भावंडे. हे काही आपल्याच समाजात होते असे नाही. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची रीत महाराष्ट्रात कितीतरी जातींत आहे. बॉम्बे रक्तगट हा आजार नव्हे, ही माणसे ठणठणीत असतात. पण याच वाटेने थॅलेसेमियाही येतो, आणि तो आजार आहे, मुलाला जन्मभर रक्त चढवावे लागते. नात्यातले लग्न जायज आहे, सक्तीचे नाही, आणि करायचेच तर आधी दोघांनी थॅलेसेमियाची तपासणी करून घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते सगळ्यांना आवडणार नाही.

बॉम्बे रक्तगटाच्या माणसासाठी रक्त शोधायचे तर सर्वांत आधी सख्ख्या भावंडांकडे पाहायचे. आईबाप दोघांकडे तो लपलेला वारसा असेल, तर प्रत्येक भावंड त्याच गटाचे असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून बाईंना निरोप आला की कुटुंबाचा अभ्यास करायचा आहे, आईवडील आणि भावंडांना घेऊन येता का. खर्च ते देणार होते. बाईंचे वडील ऐकताच बिथरले. "आता सगळ्या खानदानावर प्रयोग." शेवटी तुम्ही चला मॅडम, म्हणून आम्हांला सोबत नेले.

तिथे एका तरुण डॉक्टर मुलीने चार पानी मराठी संमतिपत्र पुढे ठेवले. आम्ही शिक्षक, छापील कागद दिसला की वाचतोच. प्रत्येकाचे पाच मिलिलीटर रक्त घेणार. नावाऐवजी क्रमांक लिहिणार. नकार दिला तरी उपचारांत फरक पडणार नाही. मध्येच कधीही बाहेर पडता येईल. तक्रार असेल तर नैतिकता समितीचा फोन असा असा. भाषा जरा अवघड होती, 'सहभागी व्यक्तीस अवगत करण्यात आले आहे' अशी वाक्ये. त्या मुलीला आम्ही तसे सांगितलेही. ती हसली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सोपं करून द्या ना." वडिलांना वाचता येत नाही. मग रुग्णालयाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा असतो, त्याच्यासमोर सगळे वाचून दाखवावे लागते. साक्षीदार आम्ही झालो.

वडिलांनी विचारले, "रक्त विकणार तर नाही?" डॉक्टर मुलगी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली आणि रक्त कुठल्या नळीत जाणार, कुठे ठेवणार, कधी फेकणार, सगळे सांगितले. उरलेला नमुना पुढच्या दुसऱ्या संशोधनासाठी ठेवायचा का, अशी दोन चौकटींची निवड शेवटच्या पानावर होती. बाईंच्या बहिणीने 'नाही'च्या चौकटीत खूण केली. कोणी भुवई उंचावली नाही. आम्ही मात्र जरा चकित झालो, कारण अशा ठिकाणी 'नाही' म्हणता येते हे आम्हांलाच खरे वाटत नव्हते.

१९५२ साली अशी लेखी संमतीची रीत नव्हती. दुसऱ्या महायुद्धातल्या छळछावण्यांत कैद्यांवर डॉक्टरांनी केलेल्या अत्याचारांनंतर, १९४७ मध्ये न्युरेंबर्गच्या निकालात, माणसाच्या मर्जीशिवाय त्याच्यावर प्रयोग करता येणार नाही हे तत्त्व लिहिले गेले. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० मध्ये पहिले धोरण काढले. आता तिची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि औषध-चाचण्यांसाठी २०१९ चे नियम. चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई त्यांत आहे. मूल सात वर्षांहून मोठे असेल तर आईवडिलांच्या संमतीबरोबर त्याचाही होकार विचारायचा असतो. नैतिकता समितीवर डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य माणूस असावाच लागतो. आपल्यातल्या शिकलेल्या भगिनींनी अशा समितीवर जावे असे आम्हांला फार वाटते. कागदावर नियम आहेत म्हणून ते पाळले जातीलच असे नाही, पण विचारणारा समोर असला की पाळणारे वाढतात.

तपासणीत बाईंच्या वडिलांचा गट बी निघाला. बाईंच्या अंगात दडलेली टोपी तिथून आली होती. बहिणीचा गटही बी. आणि धाकटा भाऊ, जो आजवर शिबिरांत 'ओ' म्हणून उत्साहाने रक्त देत आला होता, तो बॉम्बे. त्याच्या तांबड्या पेशी दुसऱ्यांना चालतात, त्यामुळे कोणाचे नुकसान झाले नाही. पण ज्याची वाट कोणी एखादा अडलेला पाहत असेल, ते रक्त साध्या बाटल्यांत मिसळून गेले. आता त्याला सांगितले आहे की शिबिरात देऊ नकोस, बोलावणे आले की दे. पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा देता येते. परळला केईएमच्याच आवारात परिषदेची रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून ती सुरू झाली. दुर्मिळ रक्तगटांचे काम तिथे चालते. शिवाय या गटाच्या माणसांनी एकमेकांचे फोन नंबर जपून ठेवले आहेत. २०२४ मध्ये शिर्डीचा एक फुलविक्रेता चारशेहून अधिक किलोमीटर गाडीने इंदूरला गेला आणि कधी न पाहिलेल्या एका स्त्रीला रक्त देऊन आला. तिला आधी ओ गटाचे रक्त दिले गेले होते, अशी बातमी होती.

बाटलीतले रक्त थंड ठेवले तरी पाच-सहा आठवडेच टिकते. अतिशीत करून ठेवले तर दहा वर्षे, पण ती सोय थोड्या ठिकाणी आहे. ठरवून शस्त्रक्रिया करायची असेल तर आधी स्वतःचेच रक्त काढून ठेवता येते. बाईंना हे सगळे समजावून दिले आहे. त्यांनी एक कार्ड करून घेतले आहे, त्यावर भावाचा फोन आणि लाल अक्षरांत 'ओ गटाचे रक्त देऊ नये'. ते पाकिटात असते, आणि त्याचीच एक प्रत खालांनी आपल्या पानदानात ठेवली आहे.

मुलीची आम्ही वर्गात माफी मागितली. चूक चाळीस जणांसमोर केली होती, म्हणून माफीही चाळीस जणांसमोर. सरांनी त्या तासाला फळ्यावर खुंट्या काढल्या. आता शाळेत रक्तगटाचे फॉर्म बंद पाकिटात येतात, आणि 'हे चुकलंय' असे आम्ही कोणालाही वर्गात म्हणत नाही.

या जूनमध्ये मुलगी अकरावीला गेली, दुसऱ्या कॉलेजात. जाताना नव्या कॉलेजचा फॉर्म घेऊन आमच्याकडे आली. आईच्या रक्तगटासमोर ए, बी, एबी, ओ अशा चारच छापील चौकटी होत्या. "मॅडम, कुठे खूण करू?" आम्ही पेन घेतले, चौकटींच्या पुढे जागा थोडी होती, तिथे बारीक अक्षरांत लिहिले, 'बॉम्बे'.